सुरुंगातून विहिरीत : खाणपरिसरातील नायट्रेटचा प्रश्न

खाणीमुळे पाणी बिघडते असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळे पाणी उभे राहते. कोळशाची भुकटी वाहून नेणारा नाला, गाळाने भरलेले पात्र, पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग. हे प्रदूषण दिसते. म्हणून त्याविषयी बोलले जाते, अर्ज होतात, वृत्तपत्रांत बातम्या येतात. परंतु खाणीतून निघणाऱ्या पाण्यात एक पदार्थ असा असतो की त्याला रंग नाही, वास नाही आणि सहज जाणवेल अशी चवही नाही. नायट्रेट हे त्याचे नाव. नायट्रेट मिसळलेले पाणी पेल्यात धरले तर झऱ्याच्या पाण्याइतके नितळ दिसते.

मी कला शाखेचा, भूगोल विषयाचा विद्यार्थी आहे. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही हा विषय निवडला त्याचे कारण असे की, माझे गाव वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशाच्या पट्ट्यात आहे, आणि आमच्याकडे विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त असल्याचा कागद आला की पारावर तीन तट पडतात. एक म्हणतो, 'हे सारे खाणीचे.' दुसरा म्हणतो, 'खाणीचा काय संबंध? आपण शेतात युरिया कमी टाकतो काय?' तिसरा गावातल्याच गोठ्यांकडे आणि संडासाच्या खड्ड्यांकडे बोट दाखवतो. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते. मात्र अमुक एका विहिरीच्या बाबतीत कोणाचे म्हणणे खरे, हे आवाज चढवून ठरत नाही. ते ठरविण्याची काही रीत आहे काय, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सोऱ्यापासून सुरुंगापर्यंत

नायट्रेट हा काही नवा किंवा परका पदार्थ नाही. तोफेच्या दारूत गंधक आणि कोळसा यांच्या जोडीला जो सोरा घालीत, तो म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच. हा सोरा आपल्या देशात, विशेषतः बिहारमध्ये, जुन्या वस्तीच्या आणि गुरांच्या जागेच्या मातीतून धुऊन काढीत असत. ईस्ट इंडिया कंपनीने तो जहाजे भरभरून नेला. गुरांच्या मूत्रातील आणि शेणातील नत्र मातीतील सूक्ष्मजंतू नायट्रेटच्या रूपात आणतात, आणि कोरड्या दिवसांत ते पांढऱ्या खारीसारखे वर येते, हे त्या सोरा काढणाऱ्या लोकांना अनुभवाने ठाऊक होते. गोठ्याशेजारच्या विहिरीत नायट्रेट का सापडते, याचे उत्तर या जुन्या धंद्यात आहे.

विसाव्या शतकात चित्र पालटले. हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याची रीत फ्रिट्झ हाबर याने प्रयोगशाळेत सिद्ध केली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे तिचा कारखाना सुरू झाला. अमोनियापासून खत होऊ लागले आणि स्फोटक द्रव्येही. दोन्ही कामांना चालणारा एक पदार्थ म्हणजे अमोनियम नायट्रेट. शेतात टाकले तर ते खत; त्यात प्रमाणशीर डिझेल मिसळून भोकात भरले आणि ठिणगी दिली तर तो सुरुंग. १९५० च्या दशकात अमेरिकेतील खुल्या कोळसा खाणींत हे मिश्रण वापरात आले आणि स्वस्त व हाताळण्यास सोपे म्हणून जगभर पसरले. साधारणतः ९४ भाग अमोनियम नायट्रेट आणि ६ भाग इंधन तेल असे त्याचे प्रमाण असते. जेथे भोकात पाणी असते तेथे हेच द्रव्य स्लरीच्या किंवा इमल्शनच्या, म्हणजे दाट लोण्यासारख्या, रूपात वापरतात.

हा पदार्थ किती जपून हाताळावा लागतो हे जगाने अनेकदा पाहिले आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत टेक्सास सिटी येथे अमोनियम नायट्रेटने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. २०२० मध्ये बैरूतच्या बंदरात सुमारे २७५० टन साठा उडाला. भारतात २०१२ च्या अमोनियम नायट्रेट नियमांनी त्याची निर्मिती, वाहतूक आणि साठवण यांवर बंधने घातली, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. हे सर्व नियम स्फोटाच्या धोक्याचे आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु याच पदार्थाचा दुसरा गुणधर्म असा की, तो स्वतःच्या वजनाइतक्या पाण्यातही सहज विरघळतो. स्फोटाचा धोका क्षणाचा असतो. विरघळण्याचा परिणाम वर्षानुवर्षे चालतो.

स्फोटात जळते किती, उरते किती?

तत्त्वतः पाहिले तर सुरुंगातून नायट्रेट उरण्याचे काहीच कारण नाही. स्फोट परिपूर्ण झाला तर अमोनियम नायट्रेट आणि तेल यांचे रूपांतर नत्रवायू, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांत होते. हवेतून घेतलेला नत्र हवेत परत जातो. पण खाणीतले काम पुस्तकातल्या समीकरणासारखे होत नाही. भोक भरताना काही दाणे तोंडाशी सांडतात. काही भोकांत भेगांवाटे द्रव्य निसटते. ओल्या भोकात भरलेले द्रव्य स्फोटाची वेळ येईपर्यंत तसेच पडून राहिले तर त्यातला काही अंश पाण्यात उतरतो. एखादा सुरुंग उडतच नाही, एखादा अर्धवट उडतो. अर्धवट स्फोटाची खूण म्हणजे वर उठणारा नारिंगी धूर. तो नत्राच्या ऑक्साइडांचा असतो.

अशा रीतीने न जळलेला अंश फुटलेल्या दगडांवर लेपासारखा राहतो. तो दगड कोळसा नसल्याने उचलून ढिगाऱ्यावर टाकला जातो. पुढे पाऊस पडतो, पाणी ढिगाऱ्यातून झिरपते आणि तो लेप धुऊन नेते. त्यातील अमोनियमचेही मातीतील सूक्ष्मजंतू कालांतराने नायट्रेट करतात.

हा अंश किती असतो याचा पद्धतशीर हिशेब कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील कोळसा खाणींच्या संदर्भात प्रथम झाला. पॉमेन यांनी १९८३ मध्ये आणि फर्ग्युसन व लीस्क यांनी १९८८ मध्ये वापरलेल्या स्फोटकांची नोंद एका बाजूला आणि खाणीखालच्या ओढ्यांतील नत्र दुसऱ्या बाजूला ठेवून जमाखर्च मांडला. त्यातून निघालेला निष्कर्ष सोपा आहे : कोरड्या जागी आणि काळजीपूर्वक काम झाले तर स्फोटकातील नत्रापैकी एक टक्का किंवा त्याहूनही कमी अंश पाण्यात जातो, जागा ओली असेल तर तो पाच-सहा टक्क्यांपर्यंत चढतो.

एक टक्का म्हणजे काहीच नाही, असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून आपण एक उदाहरण सोडवून पाहू. एका घनमीटर खडकाला साधारण अर्धा किलो स्फोटक लागते असे धरले तर २० लाख घनमीटर खडक फोडण्यास १००० टन स्फोटक लागेल. त्यात अमोनियम नायट्रेट ९४० टन. त्याच्या वजनात नत्र ३५ टक्के, म्हणजे ३२९ टन. त्यापैकी एक टक्का निसटला तर ३.२९ टन नत्र. हे सर्व नायट्रेट झाले तर त्याचे वजन सुमारे साडेचौदा टन भरते. आता पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाने ठरविलेली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. साडेचौदा टन नायट्रेट सुमारे ३२ कोटी लिटर शुद्ध पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवील. माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले तर हे सोळा हजार माणसांचे वर्षभराचे पाणी झाले. अंश एक टक्क्याचा, पण त्याचा पसारा एवढा.

एल्क नदीचे खोरे

वरील हिशेब ज्या प्रदेशातून आला त्याची कथा भूगोलाच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या आग्नेय कोपऱ्यात, रॉकी पर्वतात, एल्क नदीचे खोरे आहे. तेथे पोलाद बनविण्यासाठी लागणारा उत्तम प्रतीचा कोळसा सापडतो. १९७० च्या सुमारास तेथे मोठ्या प्रमाणावर खुल्या खाणी सुरू झाल्या आणि कोळसा जपान व इतर देशांस जाऊ लागला. कोळसा मिळविण्यासाठी त्यावरचा कित्येक पट दगड फोडून दऱ्यांमध्ये टाकण्यात आला. पर्वतांचे माथे उतरले आणि ओढ्यांच्या उगमांवर दगडांचे ढिगारे चढले. वसंतात बर्फ वितळले की पाणी त्या ढिगाऱ्यांतून वाट काढीत फोर्डिंग नदीत, लाइन क्रीकमध्ये आणि तेथून एल्क नदीत उतरते.

या पाण्याबरोबर दोन वेगळ्या जातींचे पदार्थ येतात. एक सेलेनियम, ते दगडातच असते आणि दगड फुटून हवा-पाण्याशी संबंध आल्यावर सुटे होते. दुसरे नायट्रेट, ते दगडात नसते, माणसाने सुरुंगाबरोबर नेऊन ठेवलेले असते. वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवावा. सेलेनियम कितीतरी काळ निघत राहते, कारण त्याचा साठा दगडाच्या पोटात आहे. नायट्रेटचा साठा मात्र सुरुंग थांबले की वाढावयाचा थांबतो आणि पाण्याच्या धुण्याने हळूहळू कमी होतो. म्हणजे नायट्रेटचा प्रश्न मुळाशीच आवरता येण्यासारखा आहे.

२०१३ मध्ये प्रांतिक सरकारने खाणमालक टेक कंपनीस संपूर्ण खोऱ्याची पाणीयोजना करण्याचा आदेश दिला आणि २०१४ मध्ये ती योजना मंजूर झाली. तीत सेलेनियम, नायट्रेट, सल्फेट आणि कॅडमियम या चारही पदार्थांची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. एकेका खाणीचा वेगवेगळा विचार न करता साऱ्या खोऱ्याचा एकत्र हिशेब मांडला, ही त्या योजनेची विशेष गोष्ट म्हणावी लागेल. २०२१ मध्ये न्यायालयाने कंपनीला ६ कोटी कॅनेडियन डॉलर भरण्याचा आदेश दिला. तो खटला मुख्यतः सेलेनियम आणि पाण्यात साचणाऱ्या चुन्याच्या थरांबाबत होता, नायट्रेटबाबत नव्हे. २०२४ मध्ये या खाणींची बहुतांश मालकी ग्लेनकोर या कंपनीकडे गेली. एल्क नदीचे पाणी सरहद्द ओलांडून अमेरिकेतील मोंटाना राज्यात जात असल्याने त्याच वर्षी हा प्रश्न दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगापुढे आला. खाण एका देशात, मासे दुसऱ्या देशात! नदीला सरहद्द कळत नाही, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. तेथे ते न्यायालयात आणि आयोगात सिद्ध करावे लागले.

मात्रा थोडी, पण जागा एक

आता आपल्या पारावरच्या वादाकडे वळू. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, खरा नत्र शेतातून येतो. या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. आपण वर काढलेला ३.२९ टन नत्र म्हणजे साधारण १५९ गोण्या. कापूस पिकविणाऱ्या एखाद्या मोठ्या गावात एका हंगामात याहून जास्त गोण्या सहज उतरतात. दुसरे असे की, केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात देशातील सुमारे वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले, आणि सर्वांत बाधित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ यांची नावे आली. यांपैकी यवतमाळ सोडला तर इतरांत कोळशाच्या मोठ्या खाणी नाहीत. म्हणजे खाण नसतानाही नायट्रेट भरपूर असू शकते. साऱ्या जिल्ह्याचा विचार करता खाणीला मुख्य आरोपी ठरविणे न्यायाचे होणार नाही.

परंतु येथेच एक गफलत होते. जिल्ह्याची सरासरी एक गोष्ट सांगते आणि एक विहीर दुसरी. १५९ गोण्यांतील नत्र शेकडो एकरांवर पसरतो, त्यातला बराच भाग पीक उचलते, उरलेला थोडा थोडा झिरपतो. खाणीतून निसटलेल्या नत्राला उचलणारे पीक नसते. तो थोड्याशा जागेतील दगडांवर असतो आणि एखाद्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी किंवा एखाद्या पंपाच्या तोंडाशी एकवटून बाहेर पडतो. जिल्ह्याच्या हिशेबात तो किरकोळ. त्या नाल्याकाठच्या वस्तीच्या हिशेबात मात्र तोच सर्वस्व. तेव्हा 'किती' या प्रश्नाबरोबर 'कोठे' हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि 'कोठे' हा तर भूगोलाचा पहिला प्रश्न होय.

पाणी कोणत्या दिशेने जाते?

कोणती विहीर खाणीमुळे बाधित होऊ शकते हे अंतरावरून ठरत नाही. पाण्याच्या दिशेवरून ठरते. खुली खाण जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीहून खोल गेली की चोहोबाजूंचे भूजल खाणीकडे वाहू लागते. ते उपसून टाकल्याशिवाय काम होत नाही. त्यामुळे खाण चालू असताना तिच्या काठावरील विहिरींचे पाणी आटते. त्या विहिरींत खाणीचे पाणी शिरण्याचा संभव कमी, कारण प्रवाहच उलट दिशेचा असतो. सुरुंगाचे नायट्रेट अशा वेळी खाणीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात उतरते आणि उपसलेल्या पाण्याबरोबर नाल्यात जाते. भूपृष्ठावरील पाण्याचा प्रश्न येथून सुरू होतो. नाल्यात नत्र वाढला की शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू कमी होतो. आणि सोबत अमोनिया असेल तर तो माशांना थेट मारक ठरतो.

ढिगाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते खाणीबाहेर, बहुधा उंचावर, असतात. त्यांतून झिरपणारे पाणी उताराच्या बाजूच्या उथळ विहिरींकडे जाते. नायट्रेटचा कण ऋणभारित आणि आपल्या चिकणमातीचा कणही ऋणभारित, त्यामुळे माती त्याला धरून ठेवीत नाही. पाण्याबरोबर तो पुढे सरकतो. काळी जमीन झिरपणे मंद करते, पण जेथे मुरूम किंवा भेगाळ वालुकाश्म उघडा आहे तेथे तोही अडसर नसतो. खोल, हवा न पोचणाऱ्या थरांत मात्र सूक्ष्मजंतू नायट्रेटमधील प्राणवायू वापरून त्याचा पुन्हा नत्रवायू करतात. म्हणून एकाच गावात खोल विंधनविहिरीचे पाणी चांगले आणि शेजारच्या उथळ विहिरीचे वाईट, असे दिसणे शक्य आहे.

खाण बंद पडली की चित्र पुन्हा बदलते. उपसा थांबतो, खड्डा भरतो, पातळी वर येते आणि आजवर खाणीकडे येणारे पाणी काही ठिकाणी खाणीकडून बाहेर जाऊ लागते. ज्या विहिरीला दहा वर्षे काही झाले नाही तिला अकराव्या वर्षी काही होणार नाही, असे म्हणता येत नाही. खाण बंद झाल्यानंतरची तपासणी म्हणूनच चालू खाणीच्या तपासणीइतकीच महत्त्वाची आहे.

पंचेचाळीस आणि दहा

नायट्रेटची भीती मुख्यतः तान्ह्या मुलांसाठी आहे. १९४५ मध्ये हंटर कॉम्ली या अमेरिकन डॉक्टरांनी आयोवा राज्यातील विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणाऱ्या बालकांचे अंग निळे पडत असल्याचे दाखवून दिले. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असलेल्या लोहाचे रूप बदलते, आणि असे बदललेले रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. सहा महिन्यांच्या आतील मुलांना हा धोका अधिक. अंगावर पिणाऱ्या मुलांपेक्षा वरच्या दुधाच्या मुलांना तो जास्त. जुलाब असतील तर आणखी जास्त.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. आपल्या घरांत पाणी खराब वाटले की ते उकळतात. जंतूंसाठी तो उत्तम उपाय आहे. पण नायट्रेट उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. तुरटी फिरविल्याने किंवा क्लोरीनची पूड टाकल्यानेही ते जात नाही. आई काळजीपोटी पाणी वीस मिनिटे उकळते आणि त्याच काळजीपोटी बाळाला अधिक नायट्रेट पाजते, ही गोष्ट मला या अभ्यासातील सर्वांत अस्वस्थ करणारी वाटली. अशा वेळी बाळापुरते तरी पाणी दुसऱ्या, तपासलेल्या विहिरीचे आणणे हाच खरा घरगुती उपाय.

दुसरा गोंधळ आकड्यांचा आहे. प्रयोगशाळा कधी 'नायट्रेट' मोजून लिहितात तर कधी 'नायट्रेट-नायट्रोजन', म्हणजे नायट्रेटमधील केवळ नत्राचे वजन. पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या सुमारे ४.४ पट असतो. पिण्याच्या पाण्याची ४५ ही मर्यादा नायट्रेटची आहे. कोळसा खाणींतून सोडावयाच्या पाण्यासाठी केंद्र सरकारने २००० साली जी मानके काढली त्यांत लिटरला १० मिलिग्रॅम ही मर्यादा नायट्रेट-नायट्रोजनची आहे. दोन्ही मर्यादा जवळजवळ एकच. पण ज्याला हे ठाऊक नाही तो अहवालात '९' हा आकडा पाहतो, मनात ४५ धरतो आणि निश्चिंत होतो; वास्तविक त्या पाण्यात ४० मिलिग्रॅम नायट्रेट असते. जनसुनावणीत अहवाल हातात आला तर आकड्याआधी त्याच्या डोक्यावरचे शीर्षक वाचावे.

ओळख कशी पटवावी?

नायट्रेट कोठूनही आले तरी नायट्रेटच. त्याच्यावर खाणीचा वा गोठ्याचा शिक्का नसतो. पण ते सहसा एकटे येत नाही, आणि सोबत कोण आले यावरून घर ओळखता येते. सोबत क्लोराइड आणि विष्ठेतील जंतू असतील तर गोठा किंवा संडास जवळ असावा. सोबत अमोनियम, नायट्राइट आणि भरपूर सल्फेट असेल, आणि विहीर ढिगाऱ्याच्या उताराला असेल, तर खाणीचा संशय बळावतो. कारण कोळशाच्या थरांतील लोहमाक्षिकापासून सल्फेट निघते. परंतु एकट्या सल्फेटवरून निकाल देऊ नये. आपण शेतात घालतो त्या सुपर फॉस्फेटमध्येही ते असते, आणि मैल्यातून अमोनियमही येते.

काळ हाही साक्षीदार आहे. खतांचे नायट्रेट पेरणीनंतरच्या पावसांत वाढते. खाणीच्या नाल्यातील नायट्रेट उपशाच्या आणि सुरुंगांच्या वेळापत्रकाप्रमाणे हलते. खाणीच्या वरच्या अंगाची विहीर आणि खालच्या अंगाची विहीर यांची तुलना केली तर बरेच कळते. दोन्हींत सारखेच नायट्रेट असेल तर ते शेतीचे असण्याचा संभव मोठा. याहून पक्का पुरावा हवा असल्यास नत्राच्या आणि प्राणवायूच्या समस्थानिकांची तपासणी करतात. कारखान्यात बनलेल्या नायट्रेटमध्ये प्राणवायू हवेतून आलेला असतो, आणि शेणखताच्या नायट्रेटमध्ये जड नत्राचे प्रमाण अधिक असते. त्यावरून दोन्हींची घरे वेगळी काढता येतात. ती तपासणी खर्चाची आहे. पण वर सांगितलेल्या साध्या खुणा आधी पाहिल्या तर ती थोड्याच विहिरींपुरती करावी लागेल.

उपाय

सर्वांत स्वस्त उपाय भोकाच्या तोंडाशी आहे. सांडलेले दाणे उचलणे, ओल्या भोकांत पाण्याला दाद न देणारे इमल्शन किंवा अस्तराची नळी वापरणे, भरलेले भोक दिवसेंदिवस तसेच न ठेवणे, न उडालेल्या सुरुंगांची नोंद ठेवणे. यांत मोठे यंत्र लागत नाही, शिस्त लागते. शिवाय निसटलेले स्फोटक म्हणजे खाणीचाच वाया गेलेला पैसा आहे, तेव्हा येथे खाणमालकाचे आणि गावाचे हित एकच.

दुसरा उपाय म्हणजे स्वच्छ पाणी स्वच्छ असतानाच वळविणे : ढिगाऱ्याभोवती चर, वर मातीचा थर आणि झाडोरा, म्हणजे पाणी आत कमी शिरेल. तिसरा उपाय सूक्ष्मजंतूंचा. एल्क खोऱ्यात जुन्या खड्ड्यांत दगड भरून ते पाण्याने तुडुंब ठेवतात, जंतूंना खाद्य म्हणून मेथेनॉल देतात, आणि ते जंतू प्राणवायूच्या अभावी नायट्रेट फोडतात. विशेष म्हणजे नायट्रेट संपत आल्याशिवाय ते सेलेनियमकडे नीट वळत नाहीत. म्हणजे सुरुंगाच्या वेळी केलेली हयगय पुढे सेलेनियम काढण्याचे कामही महाग करून ठेवते. घरोघरी बसविलेली शुद्धीकरण यंत्रे नायट्रेट कमी करतात खरी, पण ते त्यांतून टाकून दिलेल्या पाण्यात उरतेच. ते पाणी पुन्हा विहिरीशेजारी ओतले तर काय साधले?

आपल्याला काय करता येईल?

वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यातील कितीतरी विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या विहिरींचा नकाशा काढला, विहिरीची खोली, शेजारी काय आहे, उतार कोणीकडे, ढिगारा कोणत्या दिशेला, एवढेच लिहिले, आणि उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर असे दोन नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा विज्ञान शाखेतील आपल्या मित्रांच्या मदतीने तपासून घेतले, तर तीन-चार वर्षांत या महाविद्यालयाजवळ अशी वही तयार होईल की जी कोणत्याही तटाच्या उपयोगी पडेल. नकाशा भूगोलाच्या विद्यार्थ्याने काढावा, गावातील म्हाताऱ्या माणसांना विहिरीचा इतिहास समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावा, आणि निष्कर्ष साऱ्या गावाला समजेल अशा मराठीत मराठीच्या विद्यार्थ्याने लिहावा. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर हे काम येत्या सत्रातच सुरू होऊ शकेल.

वर्धा नदी पैनगंगेला भेटते, पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. इतक्या लांबच्या प्रवासात आपल्या नाल्यातील नत्राचा हिस्सा शोधणे कठीण आहे. पण गावची विहीर कोठे जात नाही. तिच्याजवळ जाऊन, तिचा उतार आणि तिचे शेजारी पाहून, योग्य आकडा योग्य शीर्षकाखाली वाचून जो बोलेल, त्याच्या बोलण्याला पारावर आणि सुनावणीत दोन्हीकडे वजन येईल.